सटवालची 'वा', मांदारची सांदेक आणि आपली उलांडी

खारावारा

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की युरोपियन जहाजं येईपर्यंत पॅसिफिकमधली माणसं ओंडके कोरून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायची. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय. या होड्यांनी मला गेली कित्येक वर्षं झपाटलंय, तेव्हा पाल्हाळ लागला तर सांभाळून घ्या.

ज्यांना चित्र डोळ्यांसमोर येत नसेल त्यांच्यासाठी: एक लांब, अगदी अरुंद होडी. तिच्यापासून काही हातांवर समांतर तरंगणारा एक हलका ओंडका. दोघांना जोडणाऱ्या आडव्या काठ्या. त्या ओंडक्याला हवाई आणि ताहितीत 'आमा' म्हणतात, फिलिपिन्समध्ये 'कातिग', इंडोनेशियात 'चादिक'. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला उलांडी म्हणतात. तोच शब्द इथे वापरतो.

सुमारे ५००० वर्षांपूर्वी तैवानमधून निघालेली माणसं फिलिपिन्स, इंडोनेशिया असं करत बेटांमागून बेटं ओलांडत गेली. पूर्वेला त्यांनी हवाई, रापा नुई (ईस्टर बेट) आणि न्यूझीलंड गाठलं, पश्चिमेला थेट मादागास्कर. पृथ्वीच्या घेराचा अर्ध्याहून मोठा भाग या एका भाषाकुळाने व्यापलाय. पाच या आकड्याला मलयमध्ये 'लिमा', हवाईत 'लिमा', न्यूझीलंडच्या माओरीत 'रिमा' आणि मादागास्करच्या मालागासीत 'दिमी'. शिडाला मलयमध्ये 'लायार', मालागासीत 'लाय', माओरीत 'रा'. भाषेसोबत होडीही गेली. खरं तर होडी होती म्हणून भाषा गेली.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून दिलेली कुबडी, असं बहुतेकांना वाटतं. पश्चिम पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशिया बेटांवरच्या होड्या पाहिल्या की हा समज साफ पुसला जातो. तिथे उलांडी एकाच बाजूला असते आणि ती कायम वाऱ्याकडच्या बाजूला ठेवायची, हा नियम. वारा शिडाला पलीकडे ढकलतो, उलांडीचं वजन होडीला अलीकडे खेचतं. मग वाऱ्यावर उलट दिशेने जायचं झालं तर? आपण होडी वळवू. पण होडी वळवली की उलांडी चुकीच्या बाजूला येणार. म्हणून त्यांनी होडी वळवणंच सोडून दिलं. होडीची दोन्ही टोकं सारखी. आज जी नाळ, म्हणजे पुढचं टोक, ती उद्या पिछाडी.

हे प्रत्यक्ष कसं चालतं ते मी चित्रफितींमध्ये पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलंय. आधी शिडाचा दोर सैल सोडतात. शीड फडफडतं, होडी थबकते. मग दोघेजण त्रिकोणी शिडाचं खालचं टोक नाळेवरच्या खोबणीतून उपसतात आणि शीड, काठी, सगळं उभंच्या उभं उचलून होडीच्या दुसऱ्या टोकाला चालत नेतात. पायाखाली वीतभर रुंदीची कड, खाली समुद्र. डोलकाठी दुसऱ्या बाजूला झुकते. सुकाणूवरचा माणूस वल्हं घेऊन मागच्या टोकाहून पुढच्या टोकाला जातो, जे आता मागचं टोक झालेलं असतं. दोर ताणला की होडी उलट्या दिशेने निघते. कसलेल्या हातांना याला मिनिटभरही लागत नाही.

१५२१ साली मॅगेलनची जहाजं मायक्रोनेशियातल्या ग्वामला पोहोचली तेव्हा त्यांच्यासोबतच्या पिगाफेत्ताने लिहून ठेवलं की या होड्यांना पुढचं-मागचं असं काही नाहीच आणि त्या लाटेवरून लाटेवर डॉल्फिनसारख्या उड्या घेतात. १७४२ मध्ये इंग्रज कमोडोर अॅन्सन टिनियन बेटावर थांबला, तेव्हा त्याच्या माणसांनी तिथल्या होडीचं मोजमाप घेऊन रेखाचित्र काढलं आणि तिचा वेग ताशी २० मैलांच्या आसपास धरला. ती चामोरो लोकांची, म्हणजे ग्वाम-टिनियन भागातल्या मूळ रहिवाशांची, 'साकमान'. स्पॅनिश राजवटीत युद्धं, रोगराई आणि सक्तीची स्थलांतरं यांनी चामोरो समाज खिळखिळा झाला आणि काही दशकांतच त्या होड्या समुद्रावरून नाहीशा झाल्या. अॅन्सनच्या लोकांचं ते रेखाचित्र मागे उरलं. मला ते पाहताना दर वेळी गलबलून येतं.

मलय द्वीपसमूहात बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना उलांड्या. बालीची 'जुकुंग' पर्यटकांच्या फोटोंत तुम्ही पाहिली असेल: नाळेवर हत्तीमाशाचा, गजमीनाचा, जबडा आणि बटबटीत डोळे. रात्री होडीला दिसावं म्हणून ते डोळे. पण माझा जीव जडलाय तो पश्चिम सुलावेसीतल्या मांदार लोकांच्या 'सांदेक'वर. पांढरीशुभ्र, सुरीसारखी. वारा वाढला की खलाशी उलांडीच्या काठ्यांवरून धावत बाहेर जाऊन उभे राहतात, पायाखाली फेसाळतं पाणी, हातात फक्त एक दोर. त्यांच्या शर्यती आजही होतात.

अजून पुष्कळ आहे. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

देवबागकर

वा, भाऊ! उलांडी हा शब्द इथे वाचून लहानपण आठवलं. आमच्याकडे रापणीच्या होडीला उलांडी असायची. आजोबा मला होडीत घेताना एकच गोष्ट सांगायचे, "उलांडी उचलली काय त्या अंगाक सरकाचा, इचारूक बसाचा नाय." मी सहा-सात वर्षांचा असेन. पहिल्यांदा उलांडी पाण्यातून वर आली तेव्हा मी भीतीने दुसऱ्या बाजूला सरकलो. आजोबांनी मानगुटीला धरून ओढलं. तुम्ही लिहिलेले सांदेकवरचे खलाशी आणि माझे आजोबा एकच गोष्ट करत होते, हे मला आज कळलं.

धागा वाचनखुणांत ठेवला आहे.

प्रश्नचिन्ह

माहितीपूर्ण धागा. एक शंका मनापासून विचारतो. होड्या उत्तम होत्या हे मान्य. पण हजारो मैल पसरलेल्या समुद्रात पाच-दहा मैलांचं बेट सापडलं कसं? वादळात भरकटून पोहोचले असतील असं वाचलंय. आणि नॉर्वेच्या थोर हेयरडाल या साहसवीराने १९४७ मध्ये पेरूहून तराफा सोडून दाखवला होता ना, की लोक दक्षिण अमेरिकेतून वाहत आले?

खारावारा

@प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे. हेयरडालचा तराफा १०१ दिवसांनी ताहितीच्या पूर्वेकडच्या तुआमोतू बेटांवर पोहोचला. माणसं धाडसी होती यात वाद नाही. पण त्यातून एवढंच कळतं की पेरूहून वाहत तिथे जाता येतं. भाषा, शेती, डुकरं-कोंबड्या, जनुकं, सगळं पश्चिमेकडे, आशियाकडे बोट दाखवतं. दक्षिण अमेरिकेशी संबंध आला होता, रताळं तिकडूनच आलं. पण बहुधा पॉलिनेशियन (हवाई, ताहिती, रापा नुई या पट्ट्यातले) लोकच तिकडे जाऊन आले.

भरकटण्याबद्दल: १९७३ मध्ये वारे आणि प्रवाहांची माहिती घालून संगणकावर अशा सफरी हजारोंनी चालवून पाहिल्या गेल्या. हवाई, न्यूझीलंड, रापा नुई इथे नुसतं वाहत पोहोचणं जवळजवळ अशक्य निघालं. आणि जरा विचार करा. बहुतेक प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध. यात शहाणपण असं की अन्नपाणी संपत आलं आणि जमीन दिसली नाही, तर माघारी वळायचं. परतताना वारा पाठीशी.

पण कागदावरचे युक्तिवाद बाजूला ठेवून माउ पियाइलुग यांच्याबद्दल सांगतो. मायक्रोनेशियातल्या कॅरोलाइन बेटांपैकी सटवाल हे एक चिमुकलं बेट (तिथल्या उलांडीच्या होडीला 'वा' म्हणतात), तिथे १९३२ साली जन्म. आजोबांनी तान्ह्या माउला ओहोटीच्या डबक्यांत बसवून ठेवलं होतं, समुद्र अंगात भिनावा म्हणून. हवाईतल्या लोकांनी १९७५ मध्ये 'होकुलेआ' नावाची जुन्या धर्तीची जोडहोडी बांधली. उलांडीच्या जागी दुसरी अख्खी होडीच. ती चालवायला त्यांच्याकडे वाटाड्या उरला नव्हता. माउ आले. १ मे १९७६ ला होकुलेआ माउई बेटावरून निघाली. होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळ नाही. माउ त्या वाटेने आधी कधी गेलेही नव्हते. ४ जूनला होडी ताहितीतल्या पापीतेला लागली. सुमारे ४००० किलोमीटर. किनाऱ्यावर सतरा हजारांच्या आसपास माणसं उभी होती.

सटवालमध्ये ही विद्या घराण्यात राहते, परक्याला द्यायची नाही. माउंनी ती हवाईच्या मुलांना दिली, कारण त्यांच्याच बेटावरची पोरं शिकेनाशी झाली होती. त्यावरून घरच्यांचा रागही सोसला. २००७ मध्ये सटवालवर त्यांनी पाच हवाईकरांना 'प्वो', म्हणजे दीक्षित दर्यावर्दी, केलं. २०१० मध्ये माउ गेले. गुरु-शिष्य परंपरेबद्दल आपण इतकं बोलतो, तेव्हा हा गुरू आपल्याला माहीत असायला हवा असं मला फार वाटतं.

ध्रुवतारा

मी हौशी आकाशनिरीक्षक. खारावारा, तुमची परवानगी गृहीत धरून यात भर घालते, कारण मला राहवत नाहीये.

'होकुलेआ' हे एका ताऱ्याचं नाव आहे. आनंदाचा तारा. आणि तो तारा म्हणजे आपली स्वाती! स्वाती हवाईच्या मोठ्या बेटावर बरोबर डोक्यावरून जाते. म्हणजे वाटाड्याला कळतं की स्वाती अगदी माथ्यावर आली की आपण हवाईच्या रेषेत आलो, आता पूर्व-पश्चिम शोधायचं. ताहितीसाठी तेच काम व्याध करतो.

आता गंमत बघा. हवाईचं मोठं बेट आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंश उत्तर. म्हणजे स्वाती आपल्याही डोक्यावरून जाते. मेच्या अखेरीला रात्री साडेदहाच्या सुमाराला गच्चीवर उताणं पडा, ढग नसतील तर नारिंगी झाक असलेला तेजस्वी तारा बरोबर माथ्यावर दिसेल. तोच.

कॅरोलाइन बेटांवरचं होकायंत्र ताऱ्यांचंच असतं. शिकवताना जमिनीवर गोलाकार ३२ खडे किंवा पोवळ्याचे तुकडे मांडतात. प्रत्येक खडा म्हणजे एखादा तारा क्षितिजावर उगवण्याची किंवा मावळण्याची जागा. पूर्वेचा मुख्य तारा 'माइलाप', म्हणजे आपला श्रवण. तारा क्षितिजालगत असेपर्यंत त्याच्या रोखाने जायचं, वर चढला की त्याच जागी उगवणारा पुढचा धरायचा. रात्रभर एकामागून एक. ही पूर्ण माळ पाठ असावी लागते.

आणि ढग आले तर? मग लाटा. दूरवरच्या वादळांतून येणारे लांब हेलकावे दिवसेंदिवस दिशा बदलत नाहीत. होडीच्या तळाशी आडवं पडून ते अंगाने ओळखायचे, एक या बाजूने, दुसरा त्या बाजूने, आणि त्यांचा एकमेकांशी कोन.

दक्षिणवारा

ऑकलंडहून लिहितेय. ध्रुवताराताई, कृत्तिकांना इथे 'मातारिकी' म्हणतात आणि हिवाळ्यात पहाटे त्या पुन्हा दिसू लागल्या की माओरी नवं वर्ष. २०२२ पासून त्याची देशभर सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या मुलीला शाळेत मातारिकी शिकवतात तेव्हा मी तिला कृत्तिका दाखवते, सासूबाई फोनवरून कार्तिकेयाची गोष्ट सांगतात.

इथली एक गोष्ट या धाग्यावर असायलाच हवी. २०१२ मध्ये दक्षिण बेटाच्या टोकाला, अनावेका नावाच्या खाडीजवळ, वादळानंतर वाळूतून एक जुना लाकडी भाग वर आला. सहा मीटर लांबीचा, मोठ्या होडीच्या तळाचा तुकडा. साधारण इ.स. १४०० च्या सुमाराचा. त्यावर समुद्री कासव कोरलेलं आहे. माओरी कोरीवकामात कासव सहसा दिसत नाही, पॉलिनेशियाच्या उष्ण बेटांवर मात्र दिसतं. कोरणाऱ्याच्या डोक्यात मागे सोडलेलं घर होतं, असं मला वाटतं. घर सोडून आलेल्या माणसाला हे फार लागतं.

इथे उलांडीची होडी वल्हवण्याचे क्लब गावोगाव आहेत, 'वाका आमा' म्हणतात. मी दोन वर्षांपासून जाते. सहा जणांची होडी, उलांडी डावीकडे. पहिल्या दिवशी सांगितलेला नियम: वजन डावीकडे ठेवा. देवबागकरदादा, तुमच्या आजोबांचाच नियम आहे हा.

यंत्रकार

पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय समाधान होत नाही. रुंद होडी स्थिर असते पण पाणी फार ढकलते. अरुंद होडी सरसर जाते पण कलंडते. यावर युरोपने उपाय काढला तो तळाशी वजन टाकण्याचा, दगड, शिसं. म्हणजे सगळ्या प्रवासभर ते वजन वाहायचं. यांनी वजन खाली न टाकता लांब नेलं. ४० किलोची उलांडी होडीपासून ४ मीटरवर ठेवली, तर ८० किलोचा माणूस २ मीटरवर बाहेर लटकावा तेवढा जोर मिळतो. आणि ती हवेत उचलली जायला लागली की तोच इशारा: शीड सैल करा किंवा माणूस बाहेर पाठवा. उलांडी ही वाऱ्याचा जोर दाखवणारा काटाही झाली.

मायक्रोनेशियातल्या होडीचा आडवा छेद पाहिलात तर ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते. उलांडीकडची बाजू जास्त फुगीर, पलीकडची चपटी. उलांडी पाण्यात घासते म्हणून होडीचं तोंड तिकडे वळू पाहतं, आणि वारा होडीला आडवं ढकलतो. या दोन्हींचा तोल त्या वाकड्या आकाराने साधला जातो. दोन्ही टोकं सारखी असल्यामुळेच हे शक्य आहे, कारण वाऱ्याची बाजू कधी बदलतच नाही. एक निर्णय दुसऱ्याला धरून आहे. कागद-पेन्सिल न वापरता कुणीतरी इथवर आलं, याबद्दल मला अतीव आदर वाटतो.

प्रश्नचिन्ह

शंका फिटली, सगळ्यांचे आभार. मग आता उघडच पुढचा प्रश्न. आपली उलांडी त्यांच्याकडून आली का?

खारावारा

@यंत्रकार, "काटा" हा शब्द मी उचलतोय.

@प्रश्नचिन्ह, मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात असलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांवर लिहिताना हा संबंध मांडला होता, की उलांडी पूर्वेकडून आली. आजही बहुतेक अभ्यासक साधारण तिकडेच झुकतात. नकाशावर बघा. निकोबारमध्ये एका उलांडीच्या नावा आहेत, आणि गंमत म्हणजे तिथे त्यांना 'होडी'च म्हणतात. श्रीलंकेत 'ओरुवा', जी मायक्रोनेशियासारखीच दोन्ही टोकांनी चालते आणि उलांडी वाऱ्याकडे ठेवते. मग आपली कोकणपट्टी. पलीकडे झांझिबारची 'न्गालावा', दोन उलांड्यांची. आणि मादागास्करच्या वेझो कोळ्यांची 'लाकाना'. सगळी रांग मलय द्वीपसमूहाकडून मादागास्करकडे जाणाऱ्या वाटेच्या आजूबाजूला आहे. मालागासी भाषेचे सगळ्यात जवळचे नातेवाईक बोर्नियोच्या दक्षिणेला, बारितो नदीच्या काठी आहेत. म्हणजे ती माणसं हिंदी महासागर ओलांडून गेली हे पक्कं.

इंडोनेशियात बोरोबुदुरच्या नवव्या शतकातल्या शिल्पांत उलांडीची मोठी जहाजं कोरलेली आहेत. त्यावरून 'समुद्र रक्षा' नावाचं जहाज बांधलं गेलं. कांगेआन बेटावरच्या सुताराने, आराखड्यापेक्षा हाताच्या अंदाजावर जास्त भरवसा ठेवून. २००३ मध्ये ते जकार्ताहून निघालं, मादागास्करमार्गे आफ्रिकेला वळसा घालून फेब्रुवारी २००४ मध्ये घानात पोहोचलं. आज ते बोरोबुदुरच्याच संग्रहालयात आहे.

पण "आली" या शब्दाने आपल्या लोकांना नुसते घेणारे ठरवू नका. व्यापाराच्या वाटेवर देवाणघेवाण दोन्हीकडून होते. आपल्याकडचं तमिळ 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेले ओंडके, त्याच शब्दाचं इंग्रजीत 'कॅटामरान' झालं आणि तो शब्द आज पॉलिनेशियाच्या जोडहोड्यांना लावतात!

एक साम्य मात्र मला सगळ्यांत जवळचं वाटतं. या होड्यांना खिळा नाही. सगळं काथ्याने बांधलेलं. कॅरोलाइन बेटांवर सोडणं पाण्यात कुजवतात, कुटतात आणि म्हातारी माणसं मांडीवर वळून सुंभ करतात. होडी नीरफणसाच्या लाकडाची, फटी बुजवायला त्याचाच चीक. नारळ आणि नीरफणस, म्हणजे कोकणातलं परसू. काथ्याने बांधलेली होडी लाटेवर किंचित लवते, खिळ्यांची तडकते. आपल्याकडेही शिवलेली जहाजं होती. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात तसंच शिवलेलं 'कौंडिण्य' बांधलं गेलं आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं.

२०२१ मध्ये युनेस्कोने कॅरोलाइन बेटांची होडी बांधण्याची आणि वाट काढण्याची विद्या तातडीने जपण्याच्या यादीत घेतली. आपल्या उलांडीची अशी नोंद कुणी केलीय का? देवबागकर, तुमच्याकडे एखादी जुनी होडी शिल्लक असेल तर मोजमाप आणि फोटो मिळतील का? लाकूड कुठलं, गाठ कशी, सगळं हवंय.

देवबागकर

उशीर झाला, माफ करा. गावी जायचं होतं म्हणून थांबलो होतो. चुलत्यांची होडी माडाखाली झावळ्यांनी झाकून ठेवलीय, आता फायबरची वापरतात. टेप घेऊन गेलो आणि दुपार तिथेच गेली.

होडी आंब्याची, लांबी २३ फूट, मधोमध रुंदी अडीच फूटही नाही. उलांडी ११ फूट, दोन्ही टोकांना निमुळती, पुढचं टोक किंचित वर उचललेलं. दोन आडव्या काठ्या, होडीच्या कडेपासून उलांडीपर्यंत साडेसात फूट. काठ्या उलांडीला थेट सुंभाने आवळलेल्या, प्रत्येक ठिकाणी नऊ वेढे आणि मग वेढ्यांच्या मधून आडवे तीन, म्हणजे पहिले नऊ घट्ट होतात. चुलते म्हणाले, दर पावसाळ्याआधी हे सोडून नव्याने बांधायचं, जुना सुंभ वरून चांगला दिसला तरी. मी गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली आणि व्हिडिओ घेतला. त्यांचे हात बारा वर्षांनी ते काम करत होते, एकदाही अडखळले नाहीत.

उलांडीचं लाकूड पांगारा. हलकं म्हणून.

खारावारा

देवबागकर, पांगारा वाचून उठून उभा राहिलो. हवाईत होडी कोआच्या लाकडाची करतात आणि आमासाठी 'विलिविली' नावाच्या झाडाचं लाकूड घेतात, हलकं म्हणून. विलिविली म्हणजे हवाईचा पांगाराच, त्याच कुळातला, तशाच चोचीसारख्या फुलांचा.

व्हिडिओ इथेच चढवा. आणि चुलत्यांना विचारा, पांगारा कुठल्या महिन्यात तोडायचे आणि किती दिवस वाळवायचे.